लॉग वाचणारा माणूस कोणाचा?

आमच्या फील्डमध्ये एक जुना वाद आहे. टेस्टरने रिपोर्ट कोणाला करायचं? ज्या मॅनेजरच्या डोक्यावर डेडलाईन बसलीये त्यालाच करायचं असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी 'क्रिटिकल' बगचा 'मायनर' कसा होतो हे मी सांगायला नको. आपल्याकडे फार तर सर्व्हर पडतो. कोळशाच्या खाणीत माणसं मरतात.

म्हणूनच ब्रिटनमध्ये 1872च्या कायद्याने खाणकामगारांना आपल्यातली एक-दोन माणसं निवडून, स्वतःच्या खर्चाने, खाण तपासायचा हक्क दिला. न्यूझीलंडमध्येही युनियनने नेमलेले 'चेक इन्स्पेक्टर' असत. 1990च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. सुरक्षा कंपनीच बघेल म्हणे.

19 नोव्हेंबर 2010ला तिथल्या पाइक रिव्हर खाणीत मिथेनचा स्फोट झाला. 29 जण गेले. चौकशी आयोगाच्या 2012च्या अहवालातला आकडा वाचून मी सुन्न झालो. स्फोटाआधीच्या 48 दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला गेल्याच्या 21 नोंदी होत्या! म्हणजे लॉग होता, अलर्ट होता. काम थांबवण्याचा अधिकार असलेला आणि उत्पादनाच्या टार्गेटशी न बांधलेला माणूस तेवढा नव्हता. आयोगाच्या शिफारशीनंतर असे कामगार प्रतिनिधी पुन्हा कायद्यात आले.

आता नेहमीचा आक्षेप. "युनियनच्या हातात ब्रेक दिला तर रोज काम बंद!" आक्षेप अगदीच खोटा नाही. पण त्यावर तोड आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा 1999चा कायदा बघा. युनियनचे सभासद मतदानाने जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी निवडतात. त्यांच्याकडे खाणकामातलं ठराविक प्रमाणपत्र असावंच लागतं. धोका दिसला तर ते काम थांबवू शकतात, पण विनाकारण उत्पादन अडवायचं नाही असंही त्याच कायद्यात लिहिलंय.

आणि आपल्याकडे? 27 डिसेंबर 1975ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून 370हून जास्त माणसं गेली. पुढे 1980च्या दशकात 1955च्या खाण नियमांमध्ये 'वर्कमेन्स इन्स्पेक्टर' आला. चांगलं झालं. पण नेमणूक कोणी करायची? व्यवस्थापनानेच, युनियनचा 'सल्ला' घेऊन! माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्याच्या चुका शोधायच्या त्यानेच नेमलेला माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी "आज शिफ्ट बंद" म्हणताना त्याची जीभ अडखळणारच. सरकारी इन्स्पेक्टर हवाच, पण तो अधूनमधून येतो. कामगार रोज खाली उतरतो.

चंद्रपूर-वणीच्या कोळशावर आपला एसी चालतो. तो कोळसा काढायला जो खाली जातो, त्याला आपला तपासनीस स्वतः निवडता यायला हवा. ही काही मेहरबानी नाही. जीव त्याचा आहे, मग थांबायचं कधी हे सांगणारा माणूसही त्याचाच हवा. पटतंय का बघा.