आपलं दूध रात्रीत मुंबईला पोचतं, मग तिकडची ‘गाय’ नगरला का येत नाही?

मागच्या वर्षी काकूला घेऊन पुण्याला दोनदा गेलो. दोनदा, कारण पहिल्या वेळी औषधच नव्हतं.

काकू जामखेड तालुक्यातली. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले बोन स्कॅन करून घ्या, हाडात काही उतरलंय का ते कळेल. पहाटे चारला घर सोडलं. पुण्यात एका रुग्णालयात नंबर लावून बसलो. अकराच्या सुमारास काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “आज डोस शिल्लक नाही, पुढच्या मंगळवारी या.” काकू मला म्हणते, “आरं मग मेडिकलातून आण की!”

मेडिकलात मिळत नाही काकू. हे औषध कपाटात ठेवलं तर सहा तासांत अर्धं उरतं, बारा तासांत पाव. टेक्नेशियम-९९एम त्याचं नाव. हाडाकडे ओढ असलेल्या औषधात मिसळून ते शिरेतून देतात, दोन-तीन तास बसवून ठेवतात आणि मग गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात. जिथं हाडात काही गडबड असते तिथं ते जास्त साठतं आणि तेवढा ठिपका उठून दिसतो. पुष्कळदा एक्स-रेत काही दिसायच्या कितीतरी आधी. किडनी किती काम करते, हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडतंय, थायरॉईडची गाठ कशी आहे, हे सगळं याच टेक्नेशियमवर बघतात.

आता कुणी म्हणेल, सहा तासांत अर्धं होणारं औषध नगरपर्यंत कसं टिकायचं? इथंच खरी गंमत आहे, आणि दूधवाल्या जिल्ह्याला ती सगळ्यात लवकर कळेल. टेक्नेशियम गाडीत घालून आणतच नाहीत. आणतात मोलिब्डेनम-९९. ते ६६ तासांनी अर्धं होतं आणि झिजता झिजता त्याचंच टेक्नेशियम बनत राहतं. शिशाच्या जाड कवचातला हा जनरेटर दवाखान्यात ठेवायचा, रोज सकाळी त्यातून सलाइन सोडायचं, टेक्नेशियम बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेलं. जगभरचे तंत्रज्ञ या डब्याला ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला ‘दूध काढणं’. आठवड्याभरात गाय आटते, मग नवी येते.

ही गाय कुठून येते? नवी मुंबईतून. वाशीला ‘ब्रिट’ म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी आहे, अणुऊर्जा विभागाची, आपल्या पैशावर चालणारी. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत १९८५ पासून अशी समस्थानिकं बनतात. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर १९६३ सालचं. २००९-१० मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्समधल्या जुन्या भट्ट्या बंद पडल्या तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली, मोठमोठ्या देशांत तपासण्या पुढं ढकलाव्या लागल्या. अशा मालाची भट्टी ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातली काकू दोन हेलपाटे मारते.

आपल्या जिल्ह्यातून दुधाचे टँकर रात्रीत मुंबईला जातात. एक दिवस चुकत नाहीत. त्याच रस्त्यानं आठवड्यातून एकदा एक डबा उलटा येऊ शकत नाही?

म्हणून ‘पुणं काय लांब आहे’ हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. औषध प्रवास करू शकतं. तरी आपण प्रवास करायला लावतो माणसाला, तेही ऑपरेशनचे टाके ओले असताना, सोबत एकाचा रोज बुडवून.

दुसरा मुद्दा, ‘किरणोत्सर्गी वस्तू गावात नको.’ काकू परत आली तर शेजारणीनं पोरांना आठ दिवस आमच्या अंगणात फिरकू दिलं नाही. म्हणे अणुबॉम्बचं इंजेक्शन दिलंय. अहो, चोवीस तासांत ते सोळावा हिस्सा उरतं, वर लघवीतून जातं ते वेगळं. आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० ठेवलेलं केंद्र २००२ पासून आहे. कांद्यासाठी किरणं चालतात, बाईच्या हाडासाठी चालत नाहीत!

सगळंच इथं आणा असं मी म्हणत नाही. पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ जेमतेम ११० मिनिटांत अर्धं होतं, त्याचा हिशोब वेगळा. थायरॉईड कॅन्सरला आयोडीन-१३१ चा मोठा डोस देतात तेव्हा पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, त्याचं सांडपाणीही टाकीत साठवून, झिजू देऊन मगच सोडावं लागतं. ते काम आज परळलाच होऊ द्या. आणि तज्ज्ञ डॉक्टर, तंत्रज्ञ, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, एईआरबीचा परवाना, हे सगळं लागतंच. त्यात सूट मागणारा मूर्ख. पण गॅमा कॅमेरा, शिशानं मढवलेली एक खोली आणि आठवड्याला एक जनरेटर, एवढंही १७ हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्याला सरकारी दवाखान्यात मिळू नये?

हे आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. ६ मे २०२५ ला चौंडीत मंत्रिमंडळाची बैठक झाली, त्यात आपल्या जिल्ह्याला १०० विद्यार्थ्यांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर झालं. चौंडी आमच्याच तालुक्यातलं. काकूनं टीव्हीवर बघितलं आणि विचारलं, “मग आता ते स्कॅन इथंच व्हईल का रं?” मला उत्तर देता आलं नाही. आपण सगळे भांडतोय ते महाविद्यालय कुठल्या तालुक्यात यावर. आत काय असणार हे कुणी विचारत नाही. न्यूक्लिअर मेडिसिनची खोली आराखड्यातच धरावी लागते; जाड भिंती, वेगळा दरवाजा, वेगळा निचरा. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून ते करायचं म्हणजे दहा वर्षं गेली.

जिल्हाधिकारी आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला द्यायचं निवेदन तयार आहे. मागणी एकच: पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात गॅमा कॅमेऱ्याचा विभाग आणि त्याची पदं. सही करणाऱ्यांनी कमेंटमध्ये गाव आणि तालुका लिहा. घरातल्या कुणाला स्कॅनसाठी जिल्ह्याबाहेर जावं लागलं असेल तर किती हेलपाटे झाले तेही लिहा, निवेदनाला जोडतो. आमच्या घराचे दोन धरून सुरुवात करतोय.