उसनी माती

मृगाच्या सरी पडून गेल्या की आमच्या वसाहतीत मातीचे टेम्पो येऊ लागतात. लाल माती हवी, काळी हवी, की नदीकाठचा पोयटा, असे विचारत टेम्पोवाला एकेका फाटकाशी थांबतो. भाव ठरतो, माती ओतली जाते आणि रविवारी सगळे घर घमेली घेऊन बागकामाला लागते. यात वावगे काही आहे असे मलाही बरीच वर्षे वाटले नव्हते. आता मात्र टेम्पो दिसला की मनात येते, ही माती कोणाची?

माती कारखान्यात होत नाही. सुपीक मातीचा इंचभर थर घडायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. टेम्पोत येतो तो कुठल्या तरी शेताचा, ओढ्याकाठचा किंवा डोंगरउताराचा वरचा थर. आपल्या दारच्या गुलाबासाठी दुसरीकडची जमीन उघडी पडते, आणि ते आपल्याला दिसत नाही इतकेच.

मीही या पापाचा धनी आहे. घर बांधून झाले तेव्हा मागे वीस फूट बाय तीस फुटांचे परसू उरले. त्यात मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे. त्यावर दोन टेम्पो माती पसरली. पहिल्या वर्षी झेंडू बरा आला. दुसऱ्या वर्षी माती अशी आवळली की कुदळ मारली तर ठण्ण आवाज यावा. तिसऱ्या टेम्पोचा भाव करीत होतो, तेवढ्यात आमच्याकडे दूध घालणारे आण्णा सायकल थांबवून म्हणाले, ‘‘मास्तर, इकत आणल्याली माती किती दिस पुरायची? घरची करा की.’’

‘‘घरची माती?’’

‘‘मग! ताग टाका. कमरंएवढा झाला की गाडा. एक पावसाळा कळ काढा म्हंजे झालं.’’

दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटलीबरोबर फडक्यात बांधलेले तागाचे बी आले. गोणपाटाचा बंगाली ताग वेगळा. हा आपला ताग, त्याला बोरू असेही म्हणतात. एकरी वीस ते पंचवीस किलो बी लागते, म्हणजे माझ्या परसाला पाव किलोहून थोडे अधिक. वाफसा पाहून दाट फोकले. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसले आणि महिनाभरात सगळे परसू हिरवेगार झाले. शेजारी विचारू लागले, ‘‘काय, शेती करताय वाटतं?’’

एक रोप उपटून पाहिले. मुळांवर बारीक गाठी होत्या. नखाने फोडली तर आत गुलाबी. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधून झाडाला देतात. १८८०च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने दाखवून दिले. गुलाबी रंग असतो तो आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या भाऊबंदाचा. चांगला वाढलेला ताग गाडला तर हेक्टरी साठ किलोच्या आसपास नत्र जमिनीला मिळू शकतो. युरियाच्या हिशेबात त्या जवळजवळ तीन गोण्या झाल्या. शिवाय युरियात नसतो तो पाला, आणि माती भुसभुशीत होते ती त्या पाल्यामुळे.

खरी परीक्षा पुढे होती. सहा-सात आठवड्यांत पिवळ्या कळ्या दिसू लागल्या. सौ. म्हणाल्या, ‘‘आठ दिवस थांबा ना, फुलं तरी बघू दे.’’ पण थांबले की खोड जून होते. याच तागाच्या वाखाचे दोर वळतात. एकदा वाख पक्का झाला की तो लवकर कुजत नाही. तेव्हा भरात आलेले हिरवे पीक मी आणि मुलाने विळ्याने कापले, तुकडे केले आणि कुदळीने मातीआड केले. हाताशी आलेले आपणच गाडायचे, ही गोष्ट मनाला सोपी जात नाही.

चूकही झाली. चार दिवसांतच मी मेथी पेरली आणि रोपे पिवळी पडून बसली. पाला कुजत असताना जमिनीत जिवाणूंची पंगत बसलेली असते. ती उठेपर्यंत निदान दोन-तीन आठवडे, ओल राखून, थांबावे लागते. त्या वर्षी भाजी आली ती दसऱ्यानंतर.

जादू झाली नाही, हे सांगायला हवे. तिसऱ्या पावसाळ्यात ताग गाडताना पहिल्यांदा गांडुळे दिसली. पूर्वी पाऊस पडला की पाणी फाटकाबाहेर धावे, ते आता जागीच मुरू लागले. आणि हे एकदा करून भागत नाही. आपल्या उष्ण हवेत जमिनीतला सेंद्रिय अंश लवकर संपतो, तो पुनःपुन्हा भरावा लागतो.

‘‘एवढी जागा कुणाकडे आहे?’’ असे कोणी म्हणेल. अर्ध्या वाफ्यात ताग पेरा, अर्ध्यात भाजी लावा. पुढल्या वर्षी उलट. पाणी साचत असेल किंवा जमीन खारवट असेल तर धैंचा पेरा. कुंडी असेल तर स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मूग किंवा चवळी टाका आणि फुलायच्या आत मातीत मिसळा. कुंपणाला गिरिपुष्प लावा, त्याचा पाला छाटून आळ्यात घाला. कोकणात भाताच्या चिखलातही तो गाडतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याचे मोल किती तळमळीने सांगितले! आपण मात्र थंडीत तोच पाला फाटकाबाहेर जाळतो आणि जूनमध्ये माती विकत आणतो.

माझे म्हणणे एवढेच, की अडचण जागेची नाही, पैशाची तर नाहीच. अडचण आहे ती एक हंगाम काहीही न घेता थांबण्याची. आपल्याला बाग पुढच्या रविवारी हवी असते. जमिनीकडून वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी तिला एक पावसाळा द्यावा, हे काही फार मोठे मागणे नव्हे.

आण्णा आता थकले आहेत, दूध त्यांचा नातू घालतो. तागाचे बी मात्र अजून त्यांच्याकडूनच येते, त्याच फडक्यात बांधून. दरवर्षी मी थोडे जास्त मागवतो. फाटकाशी टेम्पो थांबलेला दिसला की शेजाऱ्याच्या हातावर एक पुडी ठेवतो. गेल्या पावसाळ्यात दोन परसांत ताग उभा होता.