दूरचा अन्याय दिसतो, घरातला का नाही?



या अंकाचं संपादकीय आपल्यातल्याच एखाद्या विद्यार्थ्याने लिहावं असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. जगात चाललेल्या सामाजिक न्यायाच्या लढ्यांकडे एक मराठी मुस्लिम विद्यार्थिनी म्हणून मी कशी पाहते, हे लिहायचं होतं. पहिला मसुदा दोन तासांत तयार झाला. त्यात अमेरिका होती, वंशवाद होता, मोठे मोठे शब्द होते. वाचून पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यात मी कुठेच नाही. म्हणून तो बाजूला ठेवला आणि पुन्हा लिहायला बसले.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर एका गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला. श्वास घेता येत नाही, असं तो माणूस सांगत राहिला आणि तिथेच मेला. हे सगळं मोबाईलवर चित्रित करणारी मुलगी १७ वर्षांची होती. मीही तेव्हा १७ वर्षांची होते. लॉकडाऊन होता, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी घरात बसून बारावीची पुस्तकं चाळत होते. ती चित्रफीत मी पाहिली आणि रात्रभर झोप लागली नाही. २ जूनला जगभर लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. मीही टाकला. खाली लिहिलं, आम्ही तुमच्यासोबत आहोत.

तो राग खोटा नव्हता. पुढे पुण्यात शिकायला आल्यावर खोली शोधताना तीन ठिकाणी बोलणी ठरली आणि आडनाव सांगितल्यावर मोडली. एका घरमालकीणबाईंनी तर गोड आवाजात सांगितलं, ‘आमचं काही नाही गं, सोसायटीचं असतं.’ त्या दिवशी मला वाटलं, फ्लॉइडच्या लोकांचं दुःख मला आतून कळतं. आपल्यापैकी अनेकांना असंच वाटत असेल. जगात कुठेही माणसाला त्याच्या जन्मावरून खाली ढकललं की आपल्याला ते आपलं वाटतं. हे चांगलंच आहे, पण गोष्ट इथे संपत नाही.

फ्लॉइडच्या बाबतीतला एक तपशील मला बऱ्याच उशिरा कळला. २० डॉलरच्या बनावट नोटेच्या संशयावरून पोलिसांना फोन गेला तो ज्या दुकानातून, ते दुकान एका पॅलेस्टिनी-अमेरिकन मुस्लिम कुटुंबाचं होतं. मालकाने नंतर जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. खून दुकानाने केला नव्हता, पोलिसाने केला होता, आणि त्याला त्याची शिक्षाही झाली. पण त्यानंतर अमेरिकेतल्या मुसलमानांनी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारला. तिथल्या मुसलमानांपैकी सुमारे पाचवा भाग कृष्णवर्णीय आहे. मग आपल्या मशिदीत, आपल्या लग्नांत, आपल्या बोलण्यात त्यांची जागा कोणती? काही अरब घरांत कृष्णवर्णीयांसाठी आजही ‘गुलाम’ या अर्थाचा शब्द सहज वापरला जातो, हे तिथल्या तरुणांनी उघडपणे मांडलं. ज्या समाजाला विमानतळावर नाव पाहून बाजूला काढलं जातं, तोच समाज घरात रंग पाहून मुलगी नाकारतो, असं ते म्हणाले.

हे वाचताना मी जोरजोरात मान डोलावत होते. अरबांचं चुकतंच, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात घरून फोन आला.

माझ्या आपासाठी स्थळ आलं होतं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वाचणारा, शांत. आपालाही पसंत होता. अम्मीने तारखेची बोलणीही मनात सुरू केली होती. मग अब्बांच्या मामूंनी एकच प्रश्न विचारला, ‘कौन से शाह?’ चौकशी झाली. मुलाचे आजोबा दारोदार फिरून दुवा देत, मिळेल ते धान्य झोळीत घेत. म्हणजे फकीर. आम्ही तांबोळी. पिढ्यान्‌पिढ्या पानं विकणारे. आमच्याकडे इनाम नाही, वतन नाही, पणजोबांचं दुकान म्हणजे बाजारातली एक टोपली. तरी उत्तर गेलं, ‘जमत नाही.’ कारण काहीतरी पत्रिकेसारखं गोलमोल सांगितलं.

मी त्या आठवड्यात कॉलेजमध्ये वंशवादावरच्या चर्चासत्राचं पोस्टर रंगवत होते. मी काहीच बोलले नाही. घरच्यांची मर्जी, असं स्वतःला सांगितलं. महिन्याभराने आपा फोनवर एवढंच म्हणाली, ‘तू कालिज में तो बहोत बोलती, घर में कायकू चुप बैठी?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आपल्यात जात नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सूरह हुजुरातची १३वी आयत आपल्याला मदरशात शिकवली गेली. माणसांच्या जमाती केल्या त्या ओळख पटावी म्हणून, श्रेष्ठ तो ज्याचं आचरण चांगलं. हबशी गुलाम असलेल्या हजरत बिलाल यांना पहिल्या अजानचा मान मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. १९६४ साली हजला गेलेल्या माल्कम एक्स यांनी मक्केतून पत्र लिहिलं की गोऱ्या माणसांसोबत एका ताटात जेवण्याचा अनुभव त्यांना तिथे आला. आपल्या मातीतही मलिक अंबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. ही सगळी उदाहरणं खरी आहेत. पण ती आपण दुसऱ्यांना सांगण्यासाठी वापरतो. स्वतःच्या घरात मात्र ‘खानदान’, ‘बिरादरी’, ‘कुफू’ असे शब्द तयार असतात. शब्द वेगळे असले तरी काम तेच करतात.

आणि गंमत पाहा. आमच्या घरच्या लोखंडी कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत माझा जातीचा दाखला आहे. त्यावर स्पष्ट लिहिलं आहे, मुस्लिम तांबोळी. त्याच्या आधारावर माझी फी कमी झाली. तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा जमातींना ओबीसींच्या यादीत जागा मिळावी म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गावोगाव फिरून चळवळ केली. ‘मुसलमानांत जात कुठे असते?’ हा प्रश्न तेव्हा त्यांना बाहेरच्यांनी विचारला आणि आपल्यातल्या बड्यांनीही विचारला. त्यांच्या कष्टावर मी शिकले. म्हणजे सरकारी खिडकीसमोर आमच्यात जात आहे आणि मुलगी देताना ‘जात नाही, फक्त खानदान बघतो’. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

काही मित्र म्हणतात, ‘आत्ता ही वेळ आहे का? बाहेरून एवढा मारा होत असताना आपणच आपली उणीदुणी काढायची?’ या प्रश्नामागची भीती मी समजू शकते. रोज बातम्या मीही वाचते. आपण एक शब्द बोललो तरी त्याचा आपल्याच विरोधात वापर करणारे टपून बसलेत, हेही खरं. तरीही मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, लपवल्याने नुकसान आपल्यातल्याच सर्वांत गरीब माणसांचं होतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. मुस्लिम आणि ख्रिश्चन दलित आजही बाहेर आहेत. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांतले अश्रफ, अजलाफ, अरजाल हे थर नोंदवले आणि सुमारे ४० टक्के मुसलमान ओबीसी असल्याचं दाखवलं. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. पण आपणच जर ‘आमच्यात जात नाही’ म्हणत राहिलो, तर मैला उचलणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या मुस्लिम भावाचा हक्क मागायचा कशाच्या आधारावर?

दुसरी गोष्ट, घर साफ करण्याला घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडणं म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुसलमानांनाही ‘आत्ता नको’ असंच सांगितलं गेलं. ते बोलले म्हणून तिथला मुस्लिम समाज दुबळा झाला नाही. त्यांच्या मोर्च्यांत इतर मुसलमान उभे राहिले ते याच बोलण्यामुळे, लाजेने नव्हे तर समजून.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राची. दूरच्या लढ्याकडे पाहून स्वतःच्या अंगणात काय करायचं, हे इथल्या लोकांना चांगलं माहीत होतं. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांना दिसत होतं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली. अमेरिकेतला वंशवाद आणि इथली जात तंतोतंत एक नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी अमेरिकेच्या नावाने हळहळ व्यक्त करून घर गाठलं नाही. ते आपल्या गावच्या पाणवठ्याबद्दल, आपल्या वस्तीबद्दल बोलले. माझा काळा चौकोन मात्र फोनमध्येच राहिला.

गेल्या ईदला गावी गेले तेव्हा मी अब्बांसमोर विषय काढला. आवाज कापत होता. दाखला कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, यावर लिहिलेलं खरं की मामूंनी सांगितलेलं? अब्बा रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘लोगां क्या बोलेंगे, ये डर रहता बेटा. तेरे बाद छोटी भी है.’ आणि थोड्या वेळाने, ‘अगली बार पहले लड़का देखेंगे.’ हा मोठा विजय नाही. पुढच्या वेळी ते तसं वागतीलच याची खात्री मला नाही. त्या शिक्षकाचं लग्न झालं आहे आणि आपा अजून घरीच आहे. माझ्या गप्प बसण्याची किंमत तिने मोजली, मी नाही.

म्हणून या अंकात आम्ही विद्यार्थ्यांनी एक ठरवलं आहे. जगातल्या कुठल्याही अन्यायावर लिहायचं, जरूर लिहायचं, गाझावर, मिनियापोलिसवर, मणिपूरवर. पण प्रत्येकाने त्यासोबत आपल्या घरातली, आपल्या मोहल्ल्यातली एक गोष्टही लिहायची, जिथे आपण पीडित नव्हतो, तर पीडा देणाऱ्यांच्या बाजूला गुपचूप उभे होतो. समता आपण संविधानाकडे मागतो, सरकारकडे मागतो, शेजाऱ्याकडे मागतो. मागायलाच हवी, तो आपला हक्क आहे. पण ती आपल्या दस्तरखानवरही वाढली पाहिजे.

तुमच्या घरात पुढचं स्थळ येईल तेव्हा कुणीतरी विचारेल, ‘कौन से?’ त्या वेळी तुम्ही खोलीत असाल. माझ्यासारखं गप्प बसू नका.