अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली का?

छत्रपती संभाजीनगरात मी संगणकीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची नीती शिकवते. एम. एस्सी.ची मुलंमुली असतात, पीएच. डी.ला नाव नोंदवलेलेही असतात. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडचे बरेच. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेले त्यात पुष्कळ. दर वर्षी पहिल्याच तासाला कुणीतरी हटकून विचारतं, "मॅडम, आम्ही कुणाला सुई टोचत नाही, कुणाला औषध देत नाही. आमच्याकडे नुसती फाइल येते. मग आम्हाला नीती कशाला?"

प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नसतो. त्यांचं कामच तसं आहे. कुणाच्या तरी रक्तातून, लाळेतून, कापून काढलेल्या गाठीतून डीएनए वेगळा करतात, यंत्र तो वाचतं आणि अक्षरांची लांबच लांब फाइल तयार होते. आमचे विद्यार्थी अशा शेकडो-हजारो फायली कॉम्प्युटरवर ताडून बघतात आणि कोणत्या बदलामुळे कोणता आजार होतो ते शोधतात. माणूस दिसतच नाही, दिसतो तो नमुना क्रमांक. पण तो क्रमांक कुणाच्या तरी शरीरातून आलेला असतो. ते शरीर पुष्कळदा बाईचं असतं, तेही सरकारी दवाखान्यात किंवा गावातल्या शिबिरात आलेल्या गरीब बाईचं. म्हणून, मैत्रिणींनो, हा विषय एकट्या विद्यापीठाचा नाही. तो आपलाही आहे, असं मला वाटतं.

आधी अभ्यासक्रमाबद्दल. २०१९च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तास ३०, घटक ६: तत्त्वज्ञान आणि नीती, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनाची नीती, खुलं प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं. पाऊल चांगलंच होतं. पण जिच्या शरीरातून माहिती आली तिच्या संमतीला या सहांमध्ये स्वतःचा घटक नाही. परिणाम असा होतो की, नीती म्हणजे वाङ्मयचौर्य पकडणारं सॉफ्टवेअर, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं. २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. तेव्हा दहाच्या आत आलं की सुटलो! दुसऱ्याचं वाक्य उचललं तर गुन्हा. दुसरीचं रक्त उचललं तर?

मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. शिकत असताना प्रबंधासाठी मीही खेड्यांतल्या बायकांचं रक्त गोळा केलं आहे. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. अंगणवाडीच्या बाईंनी घरोघर जाऊन बायका बोलावून आणल्या. फॉर्म इंग्रजीत होता. मी म्हणायची, "रक्त तपासायचंय, इथं अंगठा द्या." एका म्हाताऱ्या बाईंनी अंगठ्याची शाई पदराला पुसत विचारलं, "काय निघालं ते सांगायला कधी येशील बाई?" मी म्हटलं, महिन्याभरात. प्रबंध झाला, पदवी मिळाली, नोकरी लागली. मी परत गेले नाही. उरलेल्या नमुन्यांचं पुढे काय झालं, हेही मी कधी विचारलं नाही. अंगठे मात्र सगळे जागच्या जागी होते. कागदावर माझं काम निर्दोष होतं.

म्हणून वर्गात मी व्याख्यांपासून सुरुवात करत नाही. चाळीस ओळींचा एक तक्ता वाटते. तो मीच घरी बसून बनवलेला, काल्पनिक. नाव नाही, पत्ता नाही. वय, तालुका, जात, लग्न कितव्या वर्षी झालं, मुलं किती, ऊसतोडीला जाता का, पिशवी काढली का, काढली तर कितव्या वर्षी. मग विचारते, यातून कुणी ओळखू येतं का? मुलं म्हणतात, कसं येईल, नावच नाही! एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, ही ओळ माझ्या आईची आहे." मी म्हटलं, अगं, हे सगळं मी मनानं लिहिलंय. ती म्हणाली, "असेल. पण आमच्या वस्तीवर कुणी हे वाचलं तर माझ्या आईचंच नाव घेईल." तिची आई दर हंगामाला कोयत्यावर जाते. पाळीत खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, म्हणून ऐन तिशीत तिने पिशवी काढून घेतलेली. वर्ग गप्प झाला.

तास चांगला झाला या समाधानात मी घरी गेले, आणि रात्री माझ्या लक्षात आलं की संमतीचा धडा देता देता मी त्या मुलीकडून तिच्या आईची गोष्ट चारचौघांत काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली. हा लेख लिहिताना तिला विचारलं, तिने घरी आईला विचारलं. "गावाचं नाव नको," एवढाच निरोप आला. गाव मी लिहिलेलं नाही, आणि बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत.

नाव खोडलं की माणूस पुसला जात नाही, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी निनावी म्हणून खुल्या ठेवलेल्या जनुकीय माहितीवरून जवळपास ५० माणसं ओळखून दाखवली. युक्ती साधी होती. तिकडे आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच जातं. वंशावळीच्या खुल्या याद्यांशी ते ताडून आडनाव काढलं, मग वय आणि राज्य जुळवून माणूस गाठला. यातली आणखी एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. रक्त एकीनेच दिलं, तरी त्यात तिच्या बहिणीची, मुलीची, नातीचीही माहिती असते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग काय, माहिती गोळाच करायची नाही? मुलं हे विचारतात आणि रास्त विचारतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा हातात नसता तर आपलं कुणी ऐकलं असतं का? बाईच्या दुखण्यावर संशोधनच होत नाही, ही तर आपलीच जुनी तक्रार. प्रश्न संशोधन करायचं की नाही हा नाही. ते कोण ठरवतं, कुणाला विचारून, आणि त्याचं फळ कुणाच्या पदरात पडतं, हा आहे.

आपल्याच मराठवाड्यातलं एक उदाहरण मी दर वर्षी घेते. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. तीन भागांना वेगवेगळ्या तपासण्या दिल्या. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी केली नाही, तुलनेसाठी. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणीही किती जीव वाचवते, हे या बायकांमुळे जगाला कळलं.

वर्गात यावर खूप भांडण होतं. एक बाजू म्हणते, त्या वेळी त्या गावांत अशी तपासणी नव्हतीच. अभ्यासाने कुणाकडून काही काढून घेतलं नाही, उलट लाखभर बायकांना जे मिळालं नसतं ते मिळालं. दुसरी बाजू म्हणते, तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांना आधीपासून ठाऊक होतं. मग एका गटाला तसंच ठेवून मृत्यू मोजायची परवानगी कशी मिळाली? या वादात जगभरचे डॉक्टरही पडले आहेत. मी निकाल देत नाही. मी एवढंच विचारते, की चौथ्या भागातल्या बाईला 'तुझी तपासणी होणार नाही, शेजारच्या गावातल्या बाईची होणार आहे' हे कोणत्या शब्दांत सांगाल? ते मराठीत लिहून आणा. इंग्रजीत पानभर लिहिणारी मुलं इथं अडतात. हा माझा सगळ्यात आवडता गृहपाठ आहे.

आता अगदी कॉम्प्युटरच्या टेबलावरची गोष्ट. ऐंशीच्या दशकात आपण गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढलो, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. तरी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुलीच निघाल्या. तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सोनोग्राफीचं मशीन होतं. आज गरोदर बाईच्या दंडातून थोडंसं रक्त घेतलं की पुरतं. तिच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास यंत्र ते वाचतं, आणि कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा हे प्रोग्राम मोजतो. एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणाबाहेर निघाले तर डाउन सिंड्रोमची शंका. चाचणी यासाठी असते. पण वाय गुणसूत्राचे तुकडेही त्याच फायलीत असतात. म्हणजे मुलगा की मुलगी हे कुणी विचारो न विचारो, उत्तर कॉम्प्युटरमध्ये तयार असतं. कायद्याने ते शब्दाने, खुणेने, कोणत्याही रीतीने सांगायला बंदी आहे. बंदी पाळायची ती मात्र पडद्यासमोर बसलेल्या आमच्या पंचविशीतल्या मुलाने किंवा मुलीने.

मी विचारते, प्रोग्राममध्ये वायचा रकाना ठेवाल का? हुशार मुलं सांगतात, तो तांत्रिक कामाचा असतो. मुलग्याचा गर्भ असेल तर त्यावरून गर्भाच्या डीएनएचं प्रमाण मोजता येतं. ठीक. मग तो कुणाला दिसेल? कुणी उघडला याची नोंद राहील का? उद्या मालकाने सांगितलं, अमक्याच्या सुनेची फाइल जरा बघून सांग, तर? "आमच्याकडे नुसती फाइल येते" म्हणणारे इथं पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसतात.

नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात नीतिसमितीवर सर्वसामान्य व्यक्ती असलीच पाहिजे. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत समितीवर किमान एक स्त्री हवी. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र संशोधनाला, काही अटींवर, सूट आहे. तेव्हा सगळी भिस्त नीतिसमितीवर येते, आणि माझ्या पाहण्यात 'सर्वसामान्य व्यक्ती' म्हणून कुणाच्या तरी ओळखीचे निवृत्त गृहस्थ बसलेले असतात. ते भले असतील. पण अंगठा देणाऱ्या बाईच्या बाजूने प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नसते.

ही सवय आपल्याला आहे. १९८६ साली नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांचा प्रश्न हाच होता, की हा प्रयोग आहे हे बायकांना सांगितलं का? आणि वेगळं काही घडू शकतं, हेही दिसलं आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या गर्भाशयाच्या मुखावरल्या गाठीतून न विचारता पेशी घेतल्या. त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी त्यांचा जनुकसंच सगळ्यांना खुला केला, तोही घरच्यांना न विचारता. ओरड झाली, तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ठरलं, की ही माहिती कुणाला द्यायची हे बघणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबातले दोघे बसतील. हे बासष्ट वर्षांनी का होईना, घडलं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयात, विद्यापीठात नीतिसमिती कोणती, तिच्यावर कोण आहे, हे जाऊन विचारू या. त्या जागा मागू या. आम्हा शिक्षकांना सांगा, की वर्गात आम्हाला बोलवा. ज्या वर्षी एका संघटनेची कार्यकर्ती माझ्या वर्गात तासभर बोलली, त्या वर्षी संमतीपत्रं मराठीत तर आलीच, आणि 'निकाल सांगायला आम्ही अमुक दिवशी येऊ' ही ओळ मुलांनी आपण होऊन घातली.

आणि एक घरचं. आपल्याही कपाटात फायली आहेत. सल्लाकेंद्राच्या केसेस, पाहण्या, मुलाखतींच्या टेप. अहवालात त्यांचे उतारे आपण छापतो, नाव बदललं की झालं असं समजतो. त्या बायकांना पुन्हा विचारलं होतं का? अहवाल निघाल्यावर त्यांच्यापर्यंत पोचवला का? मुलांना मी हे विचारते, तेव्हा मला तो शाळेचा व्हरांडा आठवतो. त्या बाईंना मी महिन्याभरात येते म्हणाले होते.