जेनची नोकरी आणि योसरची नोकरी

काही दिवसांपूर्वी एका अभ्यासवर्गात बोलण्याच्या ओघात मी अगाथा ख्रिस्तीच्या कथांचा उल्लेख केला. पुढच्या रांगेतला एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, "सर, रहस्यकथांत कसले आले अर्थकारण? थकल्याभागल्या माणसाने घटकाभर करमणूक करून घेतली तर आपले काय बिघडते?" वर्ग संपल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेतले आणि नेमके उलटे सुनावले. असल्या बूर्झ्वा वाङ्मयावर निवृत्त प्राध्यापकाने वेळ का दवडावा, असा त्यांचा सवाल होता. हा लेख त्या दोघांनाही उद्देशून आहे. एकाचा भाबडेपणा आणि दुसऱ्याचे सोवळे ही मला एकाच अज्ञानाची दोन रूपे वाटतात. दोघांनीही ती वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिलेली नाही.

वस्तू अशी. ब्रिटनमधील थेम्स टेलिव्हिजन या जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कंपनीने १९८२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात 'द अगाथा ख्रिस्ती अवर' नावाची दहा भागांची मालिका दाखविली. प्रत्येक भागात एक स्वतंत्र कथा. त्यांत पोयरो नाही, मिस मार्पल नाही. ख्रिस्तीबाईंनी प्रामुख्याने १९२० नंतरच्या दहाबारा वर्षांत मासिकांसाठी लिहिलेल्या, काही गूढ, काही प्रेमाच्या, काही दोहोंची सरमिसळ असलेल्या अशा या गोष्टी. निवृत्तीनंतरच्या सवडीत मी दहाही भाग पाहिले, आणि कबूल करतो की आवडीने पाहिले. अभिनय उत्तम, आणि तो जुना काळ असा काही घासूनपुसून मांडला आहे की मोटारींच्या पितळी दिव्यांतसुद्धा आपला चेहरा दिसावा. माझी तक्रार नेमकी त्या घासण्यापुसण्याविषयी आहे.

कारण मूळ कथा वाचल्या तर काय आढळते? पानोपानी पैशाची विवंचना. 'जेन इन सर्च ऑफ ए जॉब' ही कथा १९२४ ची. जेन नावाची पैशाला पुरती मोताद झालेली तरुणी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून नोकरीसाठी जाते. नोकरी कसली, तर क्रांतिकारकांच्या भयाने लपलेल्या एका परदेशी राजकन्येची तोतया होण्याची. अखेरीस उघड होते की ती राजकन्याच खोटी होती. दागिने लुटणाऱ्या टोळीने दरोड्याचा आळ ज्याच्यावर ढकलता येईल असे माणूस हवे म्हणून ही बेकार मुलगी नेमलेली होती. क्षणभर थांबून पाहावे, ही केवढी जळजळीत गोष्ट आहे! गरज असलेल्या माणसाला कामावर घ्यायचे ते त्याच्या श्रमासाठी नव्हे, तर आपल्या पापाचे ओझे वाहण्यासाठी. ख्रिस्तीबाई काही समाजवादी नव्हत्या; परंतु पैसा माणसाला कोठे नेऊन उभे करतो हे पाहण्याची त्यांची नजर स्वच्छ होती. मग त्या काय करतात? जेनच्या पाठोपाठ एक देखणा तरुण पाठवितात, तो तिला सोडवितो, आणि नोकरीचा प्रश्न विवाहाने निकालात निघतो.

'द मॅनहुड ऑफ एडवर्ड रॉबिन्सन' या कथेतला कारकून एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत ५०० पौंड जिंकतो आणि काटकसरी वाग्दत्त वधूला चोरून मोटार विकत घेतो. 'द गर्ल इन द ट्रेन'मधला तरुण श्रीमंत काकाने पेढीतून हाकलल्यावर आगगाडीत बसतो आणि त्याच्या डब्यात एक सुंदर मुलगी धावत येऊन शिरते. बक्षीस, योगायोग, विवाह! संकट अर्थशास्त्रातले, आणि सुटका मात्र नशिबाच्या खात्यातली. १९२१ नंतर त्या दशकात ब्रिटनमधील बेकारांची संख्या बहुतेक काळ दहा लाखांच्या वर होती. १९२५ मध्ये चर्चिल यांनी पौंड जुन्या दराने सोन्याशी पुन्हा जोडला आणि केन्स यांनी त्यावर तत्काळ कोरडे ओढले. १९२६ च्या मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला. संप मोडल्यावरही खाणकामगार टाळेबंदीत कित्येक महिने झुंजत राहिले. हा सारा काळ त्या कथांच्या खिडकीबाहेर उभा आहे. लेखिका खिडकी उघडत नाही, पण निदान वारा आत येतो. दूरचित्रवाणीने त्या खिडकीला मखमली पडदा लावला. जेनची निकड पडद्यावर तिच्या टोपीइतकी महत्त्वाची उरत नाही.

दोन भागांतला पार्कर पाइन हा तर आमच्याच जातीचा माणूस, म्हणून त्याच्याविषयी थोडे अधिक. मॉरिस डेनहॅम यांनी त्याची भूमिका फार सुरेख केली आहे. हा गृहस्थ पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत आकडेवारी जुळवून निवृत्त होतो आणि दुःखी माणसांना शुल्क घेऊन सुखी करण्याचा धंदा उघडतो. दुःखाचे त्याने वर्गीकरण केलेले आहे: आजारपण, कंटाळा, नवऱ्यामुळे गांजलेल्या बायका, बायकांमुळे गांजलेले नवरे. पस्तीस वर्षे सरकारी आकडे हाताळलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने ज्या दुःखांची नावे घेतली, त्यांत अपुरी मजुरी नाही आणि बेकारी नाही! नवऱ्याचे मन आपल्या टंकलेखिकेकडे वळले म्हणून आलेल्या बाईकडून तो २०० गिनी घेतो. त्या टंकलेखिकेला महिन्याकाठी काय मिळत होते, हे विचारावेसे त्याला वाटत नाही. आमच्या काही नियोजनतज्ज्ञांची मला येथे आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

त्याच पाइनकडे आलेला मेजर विलब्रॅहम हा पूर्व आफ्रिकेतून परतलेला, घरी बसून कंटाळलेला लष्करी अधिकारी. त्याच्यासाठी पाइन एक बनावट साहस रचतो. त्यात एका तरुणीवर हल्ला करायला भाड्याने आणलेले दोन धिप्पाड निग्रो आहेत, स्वाहिली भाषेतला एक कागद आहे आणि आफ्रिकेत पुरलेल्या हस्तिदंताचे आमिष आहे. साम्राज्य येथे जणू नाटक कंपनीच्या सामानाच्या पेटीतून निघते. पेटीतले सामान कोणी, कोणाकडून आणि काय देऊन आणले, हे विचारायचे नाही.

भुताखेतांचे आणि प्लँचेटचे जे दोनतीन भाग आहेत, ते सोडून देण्यासारखे आहेत. 'मॅग्नोलिया ब्लॉसम' मात्र सोडता येत नाही. नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर परदेशी निघालेली थिओ बंदरावर वर्तमानपत्र वाचते. नवऱ्याची पेढी बुडाली आहे. संकटात त्याला टाकू नये म्हणून ती परतते. मग कळते की नवऱ्याला अडकविणारी कागदपत्रे त्याच प्रियकराच्या हाती आहेत. नवरा तिलाच ती आणायला पाठवितो. काय किंमत द्यावी लागेल ते त्याला पुरते ठाऊक असते, आणि ते तो शब्दांत आणत नाही. ती कागदपत्रे आणते, त्याच्या पुढ्यात ठेवते आणि घराबाहेर पडते. प्रियकराकडेही जात नाही. तारणाच्या यादीत आपले नाव होते हे बाईला कळते, त्या क्षणाची ही कथा आहे. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला माझा प्रश्न असा की, कौटुंबिक मालमत्तेवरील आपल्या किती ठरावांनी ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितली आहे?

आता १९८२ या सालाकडे वळू. त्या वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांनी तीस लाखांचा आकडा ओलांडला होता. श्रीमती थॅचर यांचे सरकार तिसऱ्या वर्षात होते, आणि वसंत ऋतूत फॉकलंडचे युद्ध झाल्यामुळे जुन्या साम्राज्याची धुगधुगी पुन्हा अंगात संचारली होती. (मराठी वाचकाला त्या वर्षाची ओळख वेगळी आहे. १८ जानेवारीला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले. गिरणगावातल्या चुली विझत असताना दुकानांच्या काचेतले पडदे मात्र रंग उधळू लागले होते.) त्याच शरदात, म्हणजे थेम्सची मालिका चालू असतानाच, १० ऑक्टोबरपासून बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर अ‍ॅलन ब्लीसडेल यांचे 'बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' हे पाच भागांचे नाटक सुरू झाले. लिव्हरपूलचे डांबरी रस्ते करणारे कामगार, बेकार झालेले. त्यांतला योसर ह्यूज भेटेल त्याच्यापुढे उभा राहून काम मागतो, आपल्याला ते काम येते म्हणून सांगतो, आणि अखेरीस त्याची मुलेसुद्धा त्याच्याकडून काढून घेतली जातात. बर्नार्ड हिल यांचा तो चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही. योसरसाठी गाडीच्या डब्यात कोणी सुंदरी धावत येत नाही.

एकाच देशात, एकाच ऋतूत, एकाच पेटीतून जेनही नोकरी शोधत होती आणि योसरही. माझ्या तरुण मित्राने "काय बिघडते" असे विचारले होते. बिघडते ते हे: साठ वर्षांपूर्वीची बेकारी जेव्हा देखणी करून दाखविली जाते, तेव्हा आजच्या बेकाराला आपली अवस्था कुरूप आणि म्हणून स्वतःचाच दोष वाटू लागते. जेन चातुर्याने आणि रूपाने निभावते. तुला का निभावत नाही? हे कोणी बोलत नाही, पण पाहणाऱ्याला ऐकू येते.

आणि हा जुना काळ होता तरी कोणाच्या मालकीचा? येथे आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. ख्रिस्तीबाईंच्या साहित्याचे हक्क सांभाळण्यासाठी १९५५ मध्ये एक कंपनी काढण्यात आली. त्या कंपनीचे ५१ टक्के भाग १९६८ मध्ये विकत घेतले ते बुकर मॅकॉनेल या कंपनीने. हे नाव पुढे वाङ्मयीन पुरस्कारामुळे सर्वतोमुखी झाले. पण बुकर हे मूळचे साखरवाले. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात त्यांच्या ऊसमळ्यांचा आणि दुकानांचा पसारा एवढा होता की त्या वसाहतीला लोक थट्टेने बुकरांचाच गयाना म्हणत. गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून गयानाच्या मळ्यांवर राबायला करारबद्ध मजूर नेले गेले ते हिंदुस्थानातून, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडून आणि काही मद्रासकडून. त्याच मळेवाल्या मजुरांच्या घरात जन्मलेले छेदी जगन १९५३ मध्ये निवडणूक जिंकून सत्तेवर आले, तेव्हा चर्चिल यांच्या सरकारने १३३ दिवसांत लढाऊ जहाजे पाठवून त्यांचे सरकार बरखास्त केले. लंडनमध्ये तेव्हा ख्रिस्तीबाईंचे 'द माउसट्रॅप' पहिले वर्ष पुरे करीत होते.

गयाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, आणि १९७६ मध्ये तेथील सरकारने बुकरांचे मळे राष्ट्रीयीकृत केले. ज्या भांडवलाला ऊस पुढे किती काळ आपला राहील याची शाश्वती नव्हती, ते भांडवल ज्याचे कोणी राष्ट्रीयीकरण करू शकत नाही अशा मालमत्तेकडे वळले, असे मी समजतो. गोष्टींच्या हक्कांना ना संप, ना पूर, ना स्वातंत्र्यचळवळ. म्हणजे १९८२ मध्ये पडद्यावर जेव्हा चांदीच्या किटलीतून चहा ओतला जातो, तेव्हा त्या दृश्याच्या हक्काचा मोबदला ज्या कंपनीकडे जातो, तिने आपले भांडवल त्याच चहातल्या साखरेवर जमविलेले असते. ऊस तोडणारा हिंदी मजूर त्या दृश्यात कोठेच नाही. मळ्यातून तो निदान हिशेबाच्या वहीत तरी होता.

म्हणून सोवळेपणाचा उपयोग नाही, आणि बहिष्काराचा तर मुळीच नाही. थेम्सला खलनायक ठरविण्याचीही माझी इच्छा नाही. याच कंपनीने १९८८ मध्ये जिब्राल्टरमधील गोळीबारावर 'डेथ ऑन द रॉक' हा वृत्तपट दाखवून सरकारचा रोष ओढवून घेतला होता. पुढे १९९० च्या कायद्याने प्रक्षेपणाचे परवाने लिलावात काढले, थेम्स त्यात हरली, आणि १९९२ च्या ३१ डिसेंबरला तिचे प्रक्षेपण संपले. धाडसी पत्रकारिता आणि मखमली पडदा यांत बाजाराला फरक करण्याचे कारणच नव्हते. त्याला फक्त बोली दिसत होती. योसर पडद्यावर आला तो परवाना शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या बर्मिंगहॅम केंद्रामुळे. नाटक इतके गाजले की १९८३ च्या जानेवारीत ते पहिल्या वाहिनीवर पुन्हा दाखवावे लागले. कामगाराला स्वतःचे दुःख पाहवत नाही, त्याला झुंबरेच हवी असतात, असे म्हणणाऱ्यांनी या पुनःप्रक्षेपणाचा खुलासा करावा.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या अभ्यासवर्गात भाषण नको. पहिल्या सत्रात 'जेन इन सर्च ऑफ ए जॉब' दाखवावे आणि सर्वांनी ते मनमुराद आनंदाने पाहावे. मग चहा घ्यावा, साखर घालून. दुसऱ्या सत्रात योसरची कथा असलेला भाग दाखवावा. आणि त्यानंतर माझ्या त्या तरुण मित्राने उठून फळ्यावर दोघांचा जमाखर्च मांडावा: कोणाला काय हवे होते, कोणाला काय मिळाले आणि मधला फरक कोणाच्या खात्यावर जमा झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्या सत्रालाही हजर राहावे अशी विनंती आहे. त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवण्यात येईल.