वही द्यावी, अट घालू नये



जून महिना आला की आपल्या सोलापुरात शाळाशाळांतून वह्या-दप्तरं वाटली जातात. मागे एकदा एका दात्याने आमच्या वर्गातही वह्या दिल्या. चांगलंच काम. पण फोटो नीट येईना म्हणून मुलांना तीनदा उभं केलं. एका मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती वही शाळेत आणली नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : मदत करताना आपण समोरच्याकडून काय मागतो?

या प्रश्नावर विचार करायला लावणारा एक धडा आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे.

कोकणातले बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. 'शेमा' ही प्रार्थना त्यांना पाठ होती, पण हिब्रू वाचू शकणारे फार थोडे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांचंच अमेरिकन मराठी मिशन पुढे सोलापुरातही आलं, इथेही त्यांनी शाळा काढल्या. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुलं शिकली, काही तरुण तिथे शिक्षकही झाले. ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे, त्या स्कॉटिश जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये खास या समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं.

मदत खरी होती. पण त्यामागे अपेक्षाही होती, की या लोकांनी ख्रिस्ती व्हावं.

मग झालं काय? बेने इस्रायलांनी अक्षरं घेतली, धर्म मात्र सोडला नाही. धर्मांतर फारच थोड्यांनी केलं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे ज्यू प्रार्थनाच मराठीत आणल्या. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली.

तुम्ही म्हणाल, "हेतू काही का असेना, फायदा झालाच ना?" झाला, आणि तो मान्य करायलाच हवा. पण अट नाकारण्याचं बळ त्यांच्याकडे होतं. घरची परंपरा होती, १७९६ पासून मुंबईत स्वतःचं सिनेगॉग होतं. आपल्या वर्गातल्या सात वर्षांच्या लेकराकडे असं काय आहे? ते 'नको' म्हणूच शकत नाही. म्हणून जबाबदारी देणाऱ्यावर जास्त येते.

म्हणून एवढंच सुचवतो. वह्या वर्गशिक्षकांमार्फत द्याव्यात, सगळ्यांना सारख्या. फोटो नको, भाषण नको. आणि पालकहो, घरीसुद्धा "तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं" हे वाक्य जरा आवरूया. तीही एक अटच असते.

दिलेली वही मुलाला आपली वाटली, तरच तो तिच्यात मनापासून लिहील.