इच्छापत्र द्यायचे कोणाकडे?

इच्छामरणाचा विषय निघाला की रत्नागिरीत सावरकरांचे नाव निघतेच. या गावात स्थानबद्धतेत तेरा वर्षे काढलेल्या सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडून मरण पत्करले. विनोबांनीही १९८२ मध्ये तेच केले. पण दोघेही निर्णय घेताना शुद्धीवर होते. व्हेंटिलेटरवरच्या बेशुद्ध म्हातारीने ‘नको’ कसे म्हणावे?

तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वाट करून दिली. बरे होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत, हे धडधाकट असतानाच वैद्यकीय इच्छापत्रात लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये अटी सैल झाल्या : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. शेजारच्या गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. विषारी इंजेक्शनाला आपल्याकडे परवानगी नाही आणि आम्ही ती मागतही नाही.

आपल्याकडे घडते ते असे. रात्री आजीला धाप लागते, रुग्णवाहिका आंबा घाट चढून कोल्हापूर गाठते, घशात नळी पडते. मुंबईचा मुलगा सकाळी पोहोचतो. एक भाऊ म्हणतो सगळे करा, दुसरा म्हणतो आता हाल पुरेत. ‘नळी काढा’ म्हणणारा जन्मभर भावकीची बोलणी खातो. आजीने ओटीवर बसून दहादा सांगितलेले असते, ‘मला नळ्या लावू नका रे’. लिहून मात्र ठेवलेले नसते.

वारसांच्या हावेची भीती खोटी नाही. म्हणूनच उपचार थांबवण्याआधी दोन वैद्यकीय मंडळांची संमती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण दुसऱ्या मंडळावरचा डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमायचा असतो, शिवाय पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ हवेत. मंडणगड-राजापुरात ते ऐन वेळी कुठून आणणार? अशा डॉक्टरांची यादी आधीच तयार हवी. आणि इच्छापत्र घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, त्याची वेळ, कोरा नमुना या गोष्टी रत्नागिरी नगरपरिषदेपासून प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत दर्शनी फलकावर लागल्या पाहिजेत. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च.